फुलं बघायला मुंबईत?

प्रश्न : ताई, मार्चच्या पहिल्या आठवड्यात भाचीच्या साखरपुड्यासाठी आम्ही सोलापूरहून मुंबईला येतोय. उतरणार दादरलाच. कार्यक्रमानंतर दोन दिवस मोकळे आहेत. सासूबाई ७४ वर्षांच्या, गुडघे दुखतात, पण फुलझाडांचं भारी वेड. समुद्र आणि मॉल त्यांना नकोत. त्यांना काय दाखवू? – एक सून, सोलापूर

उत्तर : तुमच्या सासूबाई मला न भेटताच आवडल्या. मी परळची, आणि शाळेत सगळी वर्षं मुलांना फुलांचे भाग फळ्यावर काढून दाखवण्यात गेली, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. एक आधीच सांगते. मुंबईत बागेत जायचं ते सावलीसाठी. फुलं बघायची तर पहाटे बाजारात जायचं, नाहीतर रस्त्यात उभं राहून मान वर करायची.

म्हणून पहिली सकाळ दादरच्या फूलबाजाराला द्या. स्टेशनच्या पश्चिमेला, अगदी लागूनच आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं याल तर तशाही पहाटे दादरला उतराल, पण सामान घेऊन आत शिरू नका. बॅगा यजमानांच्या हवाली करा, त्यांना चहा घेऊ दे. आत पाटीवाले ‘बाजू, बाजू’ करत अंगावर येतात, आणि पायाखाली पाकळ्या-देठांचा ओला लगदा असतो. सासूबाईंना रबरी तळव्याच्या चपला घाला, हात धरा आणि कडेकडेनं चाला. झेंडू-शेवंतीचे ढीग तुम्हाला नवे नाहीत. वसईकडच्या बायका कुठे बसल्यात ते शोधा. त्यांच्याकडे मोगरा असतो, लिलीच्या कळ्यांच्या जुड्या असतात, आणि ओल्या फडक्याखाली झाकलेला सोनचाफा. फडकं उचललं की जो वास येतो, त्यासाठी मी आजही महिन्यातून एकदा साडेपाचला उठते. भाव विचारलात तर घ्यावं लागेल असं समजू नका, मात्र उगाच फुलं हाताळू नका. चाफ्याला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग पडतो, मग ते फूल त्या बाईनं कुणाला विकायचं?

दुसरा दिवस राणीच्या बागेचा. कागदोपत्री तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, पण भायखळ्याला टॅक्सीवाल्याला ‘राणीबाग’च सांगा. बाग १८६२ची, राणी म्हणजे व्हिक्टोरिया. सगळे आत शिरल्या शिरल्या पेंग्विनकडे पळतात. तुम्ही पळू नका, झाडं बघा. उर्वशीचं झाड कुठे आहे ते माळ्याला विचारा. मूळची ती ब्रह्मदेशातली. लाल फुलांचे लांब घोस झुंबरासारखे खाली लोंबतात आणि पाकळीच्या टोकाला पिवळा ठिपका असतो, जणू कुणी हळदीचं बोट टेकवलंय. सीतेचा अशोकही याच दिवसांत फुलतो. पण सासूबाईंना खरं दाखवायचं ते कैलासपतीचं फूल. ते फांदीच्या टोकाला न येता थेट खोडावर येतं, आत पिंडीसारखा उंचवटा आणि वर नागाची फणा. अडुसष्ट लिंगांच्या गावच्या बाईला मी आणखी काय सांगू! झाड मात्र दक्षिण अमेरिकेतलं आहे, हे हवं तर त्यांना सांगा, हवं तर नका सांगू. फूल तोडू नका, खाली पडलेलं मिळतं. आणि त्या झाडाखाली बसू नका. फळं तोफेच्या गोळ्याएवढी असतात, पडून फुटली की वासही वाईट येतो.

गोरखचिंचेचा बुंधा बघून मग बाकावर निवांत बसा. बुधवारी बाग बंद असते. मी एकदा डोंबिवलीच्या मावशीला डब्यासकट बुधवारीच घेऊन गेले होते. डबा आम्ही फाटकाबाहेर फुटपाथवर खाल्ला. मावशी ते अजून ऐकवते.

संध्याकाळी वेळ उरला तर माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला दक्षिणी फूलवाल्यांकडे जा. दोन कळ्या या बाजूला, दोन त्या बाजूला, दोऱ्याचा एक फास, आणि हे सगळं गिऱ्हाइकाशी गप्पा मारता मारता, खाली न बघता. गजरा हातानं मोजून देतात, कोपरापासून बोटांपर्यंत. तिथे सासूबाईंना स्टूल मागायला लाजू नका.

हँगिंग गार्डनचं विचारलं नाहीत, पण कुणीतरी तिथेच न्या म्हणेल. तिथे लोंबतं असं काही नाही. १८८१ मध्ये पाण्याच्या टाकीवर केलेली बाग आहे, कापून हत्तीघोडे केलेली झुडपं आहेत. मुलं बरोबर असतील तर ठीक.

त्यापेक्षा टॅक्सीनं पूर्व द्रुतगती मार्गावर घाटकोपर-विक्रोळीपर्यंत एक फेरी मारा. रस्त्याच्या कडेला टॅबेबुया गुलाबी फुललेला असतो, लोक त्याला ‘बसंत रानी’ म्हणतात. सासूबाईंना खिडकीशी बसवा, गुडघ्यांना त्रास शून्य. फक्त सकाळी लवकर निघा, नाहीतर फुलांपेक्षा ट्रकच जास्त बघाल.

प्रश्न : बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवीचा जांभळा बहर बघायचाय. या पावसाळ्यात येऊ का? – एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : बाळा, तो बहर चुकला तुझा. कारवी तिथे २००८ ला फुलली, २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, त्या हिशेबानं आता २०३२. सगळी झुडपं एकदमच फुलतात, बी धरतात आणि वाळून जातात, मग बियांतून पुन्हा नवी सुरुवात. अधूनमधून एखादं चुकार झुडूप फुलतं, पण त्यासाठी जळगावहून येऊ नकोस. यायचंच असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये ये. कान्हेरीच्या रस्त्याला पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही फुललेले सापडतील. काटेसावरीखाली पाच मिनिटं गप्प उभा राहा, फुलांतल्या मधासाठी मैना आणि बुलबुल भांडत असतात. सोमवारी उद्यान बंद असतं.