वांद्र्यात रविवारचा ब्रंच : आधी वेळ ठरवा, मग जागा

ताई, ठाण्याहून सहा जण, त्यात गुडघेदुखीवाल्या शाकाहारी सासूबाई, रील बघून हरखलेली नागपूरची भाची, आणि रविवारी अकराला वांद्र्यात पोचून 'फार रांग नसलेला' ब्रंच. बेत वाचूनच मला दम लागला. जागा सांगतो, पण आधी ते अकरा खोडा.

माझं लहानपण वांद्रे पूर्वेच्या सरकारी वसाहतीत गेलं. रविवारी पूल ओलांडून हिल रोडला पाव आणायला जायचो, तेव्हा कळलेलं आजही लागू आहे : इथलं रविवारचं घड्याळ चर्चच्या हातात असतं. सकाळची प्रार्थना सुटली की ठेवणीतल्या कपड्यांतली कुटुंबं बेकऱ्यांत शिरतात. ती पांगताहेत तोवर शनिवारी रात्र जागवलेली तरुण मंडळी डोळे चोळत उतरतात. (ब्रंच हा शब्द १८९५ साली गाय बेरिंजर नावाच्या इंग्रज लेखकाने छापात मांडला, तोही शनिवारी उशिरा झोपणाऱ्यांची कड घेऊनच!) साडेदहा ते दीड या वेळात दारात वही घेऊन नावं लिहिणारा मुलगा उभा दिसला, की समजा तुम्ही उशिरा आलात. नऊच्या आत टेबल धरा. शनिवारी जमलं तर आणखी बरं.

आता जागा. हिल रोडवरून रनवारच्या गल्ल्यांत शिरा. हे जुनं गावठाण, लाकडी जिन्यांची घरं, कोपऱ्यावर क्रूस. इथे सगळीकडे पायीच जाता येतं, त्यामुळे एका ठिकाणी रांग असली तर दुसरं दोन मिनिटांवर. बंद पडलेल्या ज्यूड बेकरीच्या जागेत आता व्हेरोनिकाज आहे. सँडविच दणकट, दोघांत एक पुरतं. चॅपेल रोडवर जुन्या बंगल्यात सबको आहे, कॉफी आणि बेकरीचे पदार्थ उत्तम, पण तिथे पोटभर जेवणाची अपेक्षा धरू नका. पाली नाक्याकडे सुझेटला बकव्हीटचे पातळ फ्रेंच घावन मिळतात. बकव्हीट म्हणजे आपला उपासाला चालणारा कुट्टू, सासूबाईंना तसंच सांगा, लगेच विश्वास बसेल. कँडीज मला स्वतःला सगळ्यांत आवडतं : आपलं आपण उचलून आणायचं, कुणी उठा म्हणत नाही. मात्र मजले आणि पायऱ्या फार, गुडघ्यांचा विचार करा.

खिसा सांभाळायचा असेल तर हिल रोडवरच्या हर्ष बेकरीतून रोल घ्या आणि उभ्याउभ्या खा. तोही वांद्र्याचा ब्रंचच, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही.

नवी जागा पारखायची माझी रीत साधी आहे. पाव कुठून येतो ते विचारतो. उत्तर देताना वेटर घुटमळला तर नुसती कॉफी मागवतो. आणि मेनूत थाई करी, पिझ्झा, डोसा, सुशी सगळं एकत्र दिसलं तर उठतो. एकदा रीलवरून भुलून सासरच्यांना एका ठिकाणी नेलं होतं (नाव नको). एक तास चाळीस मिनिटं फुटपाथवर, मग गार अंडी. सासरे अजून लग्नकार्यात तो किस्सा सांगतात.

बिल नीट वाचा. जीएसटी ५ टक्के द्यावाच लागतो. सेवा शुल्काचं तसं नाही, ते ऐच्छिक आहे. ते आपोआप लावू नये हा ग्राहक प्राधिकरणाचा नियम दिल्ली उच्च न्यायालयानेही मार्च २०२५ मध्ये उचलून धरला. शांतपणे काढायला सांगा.

गाडी आणू नका, पार्किंग शोधण्यातच नाश्त्याची वेळ जाईल. दादरला बदलून लोकलने या, पुढे रिक्षा. मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा, आणि हॉटेल किती वाजता उघडतं तेही. सासूबाईंचं इथे मन रमलं नाही तर परतताना दादरला उतरायचंच आहे, आस्वादची मिसळ खाऊ घाला.

हो, आणि ८ सप्टेंबरनंतरचा रविवार असेल तर माउंट मेरीची जत्रा सुरू होते, आठवडाभर चालते. त्या आठवड्यात ब्रंचसाठी वांद्र्याचं नाव काढू नका.