परदेशी भागीदाराचे पैसे आले, पण शेअर मार्चनंतर देऊ म्हणतात. चालेल का?

नाही भाऊ, चालणार नाही. तुमचं वाळूजला मोटारीच्या सुट्या भागांचं युनिट आहे, जुना जर्मन ग्राहक २६ टक्के भागीदारी घेतोय, दोन कोटी जमाही झालेत आणि तुमचे सीए ताळेबंद झाल्यावर शेअर देऊ म्हणतात. मी इथल्याच कंपन्यांचं हे काम बरीच वर्षं करतोय, म्हणून कळकळीनं सांगतो, मार्चची वाट बघू नका.

परवानगीची चिंता सोडा. उत्पादन क्षेत्रात १०० टक्क्यांपर्यंत परदेशी गुंतवणूक ऑटोमॅटिक रूटनं, म्हणजे सरकारची आधी परवानगी न घेता येते. फक्त त्या जर्मन कंपनीचे खरे मालक चीन किंवा आपल्या हद्दीला लागून असलेल्या दुसऱ्या देशातले नाहीत ना, हे लेखी घ्या. त्यांच्यासाठी २०२० पासून नियम वेगळे आहेत.

खरी अडचण मुदतीची. फेमा म्हणजे परकीय चलन कायद्याखालच्या नियमांप्रमाणे पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअर द्यावे लागतात. नाही दिले तर पुढच्या १५ दिवसांत पैसे परत. कंपनी कायद्याचं कलम ४२ पण हेच म्हणतं आणि वर आणखी एक अट घालतं: हे पैसे वेगळ्या बँक खात्यात ठेवायचे, आणि शेअर वाटप होऊन पीएएस-३ (कंपनी निबंधकाकडे द्यायचा वाटपाचा फॉर्म) भरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. नव्या सीएनसी मशीनचा अॅडव्हान्स यातून दिला असेल तर आजच सीएसला (कंपनी सेक्रेटरीला) सांगा.

आता बँकेत जा आणि पैसे कोणत्या कारणाखाली जमा झालेत ते बघा. हा ग्राहक तुमचा माल घेतो, त्यामुळे बँकेनं ते निर्यातीचा अॅडव्हान्स म्हणून नोंदवलेले असू शकतात. तसं असेल तर पुढे रिझर्व्ह बँकेचा फॉर्म अडकतो. पैसे पाठवणाऱ्याचं नावही शेअर घेणाऱ्याशी जुळलं पाहिजे. जर्मनीतून मूळ कंपनीनं पाठवले आणि शेअर तिच्या उपकंपनीला द्यायचे असतील, तर संमतीपत्र लागेल. पाठवणाऱ्याच्या बँकेकडून केवायसी रिपोर्ट यायला वेळ लागतो, तो आजच मागवा.

किंमत मनानं ठरवू नका. परदेशी माणसाला शेअर वाजवी मूल्यापेक्षा स्वस्त देता येत नाही. त्यासाठी सीए, प्रॅक्टिस करणारे कॉस्ट अकाउंटंट किंवा सेबी नोंदणीकृत मर्चंट बँकर यांचं प्रमाणपत्र लागतं. कंपनी कायद्यासाठी नोंदणीकृत व्हॅल्युअरचा अहवाल वेगळा. बऱ्याच जणांना एकच पुरेल असं वाटतं आणि तिथं महिना जातो.

शेअर दिल्यापासून ३० दिवसांत रिझर्व्ह बँकेच्या फर्म्स पोर्टलवर एफसी-जीपीआर, म्हणजे परदेशी व्यक्तीला शेअर दिल्याची माहिती देणारा फॉर्म भरायचा. तो आधी तुमची बँक तपासते, म्हणून शेवटच्या दिवसावर ठेवू नका. उशीर झालाच तर लपवू नका. विलंब शुल्क ७,५०० रुपये, अधिक रकमेच्या ०.०२५ टक्के गुणिले उशिराची वर्षं. दोन कोटींवर सहा महिने उशीर म्हणजे १०,००० रुपये. फेमाच्या कलम १३ खालचा दंड मात्र रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो.

यानंतर परदेशी भागीदार आहे तोवर दरवर्षी १५ जुलैपर्यंत एफएलए रिटर्न, म्हणजे कंपनीच्या परदेशी देण्या-मालमत्तेचं रिझर्व्ह बँकेला द्यायचं विवरण. त्या वर्षी नवा पैसा आला नसला तरी भरायचं.