रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी बॅगेत काय?

प्रश्न: ताई, सरकारी कॉलेजात मेडिसिनला जेआर वन (पहिल्या वर्षाची ज्युनिअर रेसिडेंट, म्हणजे एमडी शिकणारी डॉक्टर) म्हणून सोमवारी जॉईन होतेय, पहिल्याच दिवशी इमर्जन्सी ड्युटी आहे. सोबत काय काय घेऊ?

उत्तर: अभिनंदन गं! स्टेथोवर आधी नावाची पट्टी चिकटव, कारण वॉर्डात तो या हातातून त्या हातात जातो आणि मग सापडतच नाही. पेनं चार-पाच घे, साधी, शिवाय टॉर्च, रिफ्लेक्स बघायचा हॅमर, मायक्रोपोर (चिकटपट्टी), टुर्निके (रक्त काढताना दंडाला बांधायचा पट्टा), आणि खिशात मावेल अशी छोटी डायरी. डायरी मात्र खरंच मनावर घे, त्यात बेड नंबर, पेंडिंग रिपोर्ट, कोणाचं ब्लड पाठवायचंय ते सगळं लिहायचं आणि काम झालं की चौकोनात टिक, रात्री तीनला डोकं चालत नाही तेव्हा हीच डायरी पेशंटला वाचवते. शेवटच्या पानावर इमर्जन्सी डोस लिहून ठेव, म्हणजे कार्डिअॅक अरेस्टला अॅड्रेनलिन १ मिग्रॅ दर ३ ते ५ मिनिटांनी, असे. आणि बेशुद्ध पेशंट आला की शुगर बघायला विसरू नकोस, प्लीज.

पॉवर बँक, पाण्याची बाटली, शेंगदाण्याचे लाडू किंवा चिक्की, ब्रश, जादा मोजे. चप्पल-बूट जुनेच घाल, नवे चावतात. पुस्तकं रूमवरच राहू दे.

सिस्टरना आणि मावशींना पहिल्याच दिवशी स्वतःहून नाव सांग. पहिली सेंट्रल लाईन (मोठ्या शिरेत घालायची नळी) एकटीने टाकू नकोस, सिनियरला उठव, रागावले तरी उठव.