सहा तासांच्या सत्रात खेळाडूंचा उत्साह का मावळतो?

तुमच्या सहा जणांच्या गटाने ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून, पात्रांच्या भूमिका घेऊन फाशांनी खेळायच्या कथा-खेळाचे रविवारचे सत्र सहा तासांऐवजी तीन ते साडेतीन तासांचे ठेवावे. दोष बहुधा कथेचा नसून ताटकळण्याचा आहे. या खेळाच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत लढाईची एक फेरी कथेतील अवघ्या ६ सेकंदांची असली, तरी टेबलावर ती सहज पाव तास चालते, आणि पाळी येईपर्यंत फासे नुसते खुळखुळवत बसलेला खेळाडू हळूच मोबाइल काढतो, हे नाशिकमध्ये कॉलेज रोडवरील आमच्या गटाचा खेळ चालवताना मी वारंवार पाहिले आहे. मात्र सिन्नर-ओझरहून येणारी मंडळी महिन्यातून एकदाच जमत असतील, तर मध्ये जेवणाची सुट्टी ठेवून पाच तास खेळण्यास हरकत नाही.