काही फायली उघडतात, काही गप्प बसतात: दोष बहुधा अवतरणचिन्हांचा

भाऊ, सेतू केंद्रावर कास्तकारांचे सातबारे उघडायची तुमची स्क्रिप्ट काही फायली उघडते आणि काहींवर नुसती गप्प बसते, हे वाचून जुनं दुखणं आठवलं. उबुंटू, बॅश (कमांड वाचून चालवणारा प्रोग्राम), एफझेडएफ (यादीतून टंकलेल्या शब्दांनुसार नाव निवडून देणारा) तुमच्याकडे आहेच असं धरतो. कमांड इथे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलवर इंग्रजीतच टाका.

पहिली ओळ शेबँग, म्हणजे स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामनं चालवायची ते सांगणारी. दुसरी, निवडलेल्या फाईलचं नाव एफमध्ये ठेवणारी:

एफ=$(फाइंड ~/सातबारे -टाइप एफ | एफझेडएफ -1 -0 -क्यू "$*") || एक्झिट

तिसरी, ती फाईल तिच्या नेहमीच्या प्रोग्रामात उघडणारी:

सेटसिड एक्सडीजी-ओपन "$एफ"

गोम तिसऱ्या ओळीतल्या दोन अवतरणचिन्हांत आहे. ती नसली की "गट 12 वडगाव.पीडीएफ" या नावाचे बॅश तीन तुकडे करतो. एक्सडीजी-ओपन एका वेळी एकच नाव घेतो. जास्तीचा तुकडा दिसला की 'अनएक्स्पेक्टेड आर्ग्युमेंट' म्हणून थांबतो. ज्यांच्या नावात स्पेस नाही, त्या फायली मात्र बिनबोभाट उघडतात, म्हणून संशय फायलीवरच जातो. त्यात कुठून तरी चिकटवलेलं '2>/डेव्ह/नल' शेवटी असेल तर एररही गिळली जाते. माझं सगळ्यात जास्त नुकसान याच शेपटानं केलं. ज्या कार्यालयाकडे मदत मागितली, त्यांनी स्क्रिप्ट न बघताच "पीडीएफ करप्ट आहेत, फॉरमॅट मारा" सांगितलं. फॉरमॅट अजिबात मारू नका. शेपूट काढा, मग 'बॅश -एक्स' (चालणारी प्रत्येक कमांड छापून दाखवतो) लावून स्क्रिप्ट चालवा. तुकडे वेगवेगळे छापलेले डोळ्यांना दिसतात.

"$*" म्हणजे स्क्रिप्टच्या नावापुढे टाकलेले सगळे शब्द मिळून एक; त्याच्या जागी "$@" (तेच शब्द सुटे सुटे) नको, नाहीतर दुसरा शब्द एफझेडएफला वेगळाच पर्याय वाटतो. -1 मुळे एकच फाईल जुळली तर यादी न दाखवता ती थेट उघडते, -0 मुळे काहीच जुळलं नाही तर एफझेडएफ बाहेर पडतो. 12 शोधताना 112 सुद्धा येईल, तेव्हा गटासोबत गावाचं नावही टाका. सेटसिड यासाठी की टर्मिनल बंद केलं तरी पीडीएफ उघडी राहावी.

फाइंडऐवजी लोकेट (आधीच बनवून ठेवलेल्या यादीत फायली शोधणारी कमांड) वापरा म्हणणारे भेटतील. माझ्या मते केंद्रावर ते कुचकामी, कारण त्याची यादी सहसा दिवसातून एकदाच ताजी होते आणि कास्तकार तर आत्ताच स्कॅन केलेला कागद मागतो. तुमच्याकडे लाखभर फायली असतील तर गोष्ट वेगळी.

नावात 7/12 लिहिताच येत नाही, तिरपी रेघ फोल्डरची, 7-12 लिहा. आणि १२ व 12 संगणकाला वेगळे. दोघं ऑपरेटर दोन तऱ्हेनं टंकत असतील तर आधी ते मिटवा.