मुलगा नौदलात जायचं म्हणतोय. तिथे नोकरी केलेल्या माणसाच्या घराचं पुढे काय होतं?

तुमचा मुलगा बारावीत आहे, अधिकारी नाही तर सेलर म्हणून जायचं म्हणतोय, आणि तुमच्या घराण्यात फौजेत कुणीच नाही. म्हणून तुम्ही विचारलंय की निवृत्त माणसाला आज काय वाटतं आणि त्याच्या घरच्यांनी काय काढलं. मी 1984 ते 2004 नौदलात होतो. स्टोकर म्हणून लागलो, चीफ पेटी ऑफिसर होऊन बाहेर पडलो. तुमच्यासारखाच इंदूरचा, रामबागेतला. मराठीत मधेच हिंदी डोकावली तर चालवून घ्या.

इंदुरात फौजी म्हटला की लोक जवळची लष्करी छावणी, महूच धरतात. मी नेव्हीतला म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मर्चंट नेव्ही? मग पगार डॉलरमध्ये?" आणि कारगिलनंतर भेटेल तो विचारायचा, तिकडे होता का म्हणून. मी सांगायचो, हो, पण पाण्यात. 1999 च्या त्या उन्हाळ्यात आमची जहाजं अरबी समुद्रात तयारीत उभी होती, हे सांगेपर्यंत समोरच्याचं लक्ष पोह्यांवरच्या शेवेकडे गेलेलं असायचं.

मी गेलो त्याचं कारण देशभक्तीपेक्षा घरची परिस्थिती. वडील कापडगिरणीत साचा खात्यात, म्हणजे मागांवर होते. इंदूरच्या गिरण्यांचे दिवस फिरले होते, पगार कधी होईल याचा नेम नव्हता, आणि वडिलांच्या तोंडी एकच वाक्य, "सरकारी बघ." साच्यांच्या खडखडाटात आयुष्य गेल्यामुळे ते घरातही ओरडूनच बोलायचे. आई हळू बोलली की त्यांना वाटायचं ती रुसली आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पहिलं प्रशिक्षण ओडिशात आयएनएस चिल्काला, मग इंजिनाचं शिक्षण लोणावळ्याला आयएनएस शिवाजीवर. समुद्र मी त्या सगळ्यातच पहिल्यांदा पाहिला, आणि नंतर माझ्या वाट्याला तो फार आलाही नाही. स्टोकर म्हणजे बॉयलर रूम. मी तीन वर्षं विराट या विमानवाहू जहाजावर काढली, चार बॉयलर, हजाराहून जास्त माणसं, आणि आम्ही पाण्याच्या पातळीखाली पन्नास अंशांच्या आसपास घाम गाळत. दिवस आहे की रात्र हे घड्याळ सांगायचं.

तिथली एक गोष्ट सांगतो, कारण ती बाहेरच्याला पटत नाही. पाईपमधली अति तापलेली वाफ गळली तर दिसत नाही. चहाच्या किटलीतून निघते ती पांढरी दिसते, कारण ती थंड होऊन तिचे थेंब झालेले असतात. ही नुसती फुसफुसते, आणि एवढ्या आवाजात फुसफुस कुठून येते ते कळत नाही. आमचा चीफ अशा वेळी हातात झाडू द्यायचा. दांडा पुढे धरून पाईपच्या कडेकडेनं एकेक पाऊल चालायचं. हात आधी पुढे गेला तर हात जाईल. पहिल्यांदा माझ्या हातातला दांडा एका फ्लँजपाशी, म्हणजे पाईपच्या जोडापाशी थरथरला आणि टोकाला लाकूड उसवल्यासारखं झालं, तेव्हा मी एकवीस वर्षांचा होतो. त्या रात्री बंकवर पडल्यावर आईला यातलं काहीच लिहायचं नाही हे ठरवून टाकलं.

घरच्यांनी काय काढलं, ते माझ्यापेक्षा पत्रं नीट सांगतात. आमचा पत्ता एकच, मार्फत फ्लीट मेल ऑफिस, मुंबई. जहाज कुठेही असो, पत्रं तिथे साठायची आणि बंदर लागलं की गठ्ठ्यानं मिळायची. 1990 मध्ये बायको दिवस भरत आले म्हणून इंदूरला. घरून तार केली होती, ती पोहोचायच्या आत जहाज निघालेलं. पुढच्या बंदरात गठ्ठा मिळाला आणि मी वरचं पाकीट फोडलं, तर त्यात बारशाला मावशीनं आणलेल्या चांदीच्या वाळ्यांची हकिगत! नाव काय ठेवलं ते होतं, मुलगी झाली हे गृहीत धरलेलं होतं. जन्माचं पत्र गठ्ठ्यात तळाशी. मेसमध्ये मी वाचता वाचता हसायला लागलो आणि मग बराच वेळ कुणाशी बोललो नाही. तेव्हापासून बायकोनं प्रत्येक पाकिटावर कोपऱ्यात आकडा घालायला सुरुवात केली. निवृत्त झालो तेव्हा शेवटचा आकडा 412 होता. मधल्या काळात घरी फोन आला तरी तिनं आकडे सोडले नाहीत.

आणि पाणी. जहाजावर समुद्राचं पाणी उकळून त्याचं गोडं पाणी करायचं कामही आमच्याकडेच. हजार माणसांना पाणी पाजणारा हा बहाद्दर सुट्टीवर घरी आला की नर्मदेच्या नळाची वाट बघत बसायचा. नर्मदेकाठच्या जलूदहून एवढं लांब, तेही चढावर चढून येणारं पाणी. आमच्या गल्लीत ते एक दिवसाआड यायचं. बायको पहाटे उठून टाकी, हंडे, बादल्या भरायची, पाळण्यातल्या पोरीकडे एक कान ठेवून. मी मदतीला उठलो की म्हणायची, "अहो, झोपा तुम्ही, तुम्हाला भांड्यांची जागा माहीत नाही." पाहुण्याला सांगतात तसं. दोन महिन्यांच्या सुट्टीत भांड्यांची जागा कळायला लागायची, तोवर मुंबईच्या गाडीचं, अवंतिका एक्स्प्रेसचं तिकीट आलेलं असायचं.

मध्ये तीन वर्षं लोणावळ्याला इन्स्ट्रक्टर होतो, तेव्हा सगळे क्वार्टरमध्ये एकत्र. नौकरीतला तो सगळ्यांत सुखाचा काळ, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मुलीच्या इंदुरी मराठीला वर्गातली पोरं हसायची, एवढंच.

खरा धक्का निवृत्तीचा. मी अडतीस वर्षांचा होतो. सोबतचे बँकेतले, शाळेतले मित्र तेव्हा कुठे स्थिरावत होते, आणि माझ्या हातात पेन्शनचं पुस्तक. इंदूरजवळ पीथमपूरच्या कारखान्यांत बॉयलर खूप, म्हटलं उद्या लागू. पण तिथे राज्याचं बॉयलर अटेंडंटचं प्रमाणपत्र मागतात. वीस वर्षं वाफेत काढलेल्या माणसाला कागद विचारतात म्हणून मी चिडून वर्ष घालवलं, मग गुपचूप परीक्षा दिली. चूक माझीच, शेवटच्या दोन वर्षांतच ही चौकशी करायला हवी होती. नंतर कारखान्यातली नोकरी बरी झाली. 2014 पासून लागू झालेल्या ओआरओपीनं, म्हणजे 'एक हुद्दा, एक पेन्शन' योजनेनं पेन्शन सुधारली, ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेमुळे औषधपाण्याची काळजी नाही.

तुमच्या मुलाचा हिशेब मात्र वेगळा, हे नीट समजून घ्या. आम्हाला पंधरा वर्षं भरली की पेन्शन होती. 2022 पासून अग्निवीर म्हणून चार वर्षांसाठी घेतात, त्यातल्या जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवतात. बाकीचे एकरकमी पैसे घेऊन परत, पेन्शन नाही. म्हणजे मी अडतिसाव्या वर्षी ज्या दारात उभा होतो तिथे तो बाविसाव्या वर्षी असेल. अंगात रग असते हे खरं, पण जाताना हातात एखादं शिक्षण, डिप्लोमा, काहीतरी धरूनच जाऊ दे.

दुसरं, कान. तरुणपणी इअर मफ लावायला आम्हाला कमीपणा वाटायचा. आता उजव्या कानाला जवळपास काही येत नाही, डाव्यात मशीन. नात फोनवर कुजबुजते ते मला बायको मोठ्यानं सांगते, आणि मी उत्तर देतो ते शेजाऱ्यांनाही कळतं. वडील साच्यांमुळे, मी बॉयलरमुळे. विराट 2020 मध्ये अलंगला तोडायला नेली तेव्हा आम्ही टीव्हीवर पाहिलं. मी आवाज वाढवायला रिमोट घेतला, तर बायको म्हणाली, "अहो, बातमीवाला गप्पच आहे."

तुमच्या प्रश्नाचा निम्मा भाग तिचा, म्हणून लिहिण्याआधी तिला वाचून दाखवला. मटार सोलता सोलता ऐकलं. म्हणाली, "पाठवा म्हणावं. मुलगा चांगला होईल." मग बरेच दाणे वाटीत पडल्यावर, "पण त्यांना लिहा, सून आणाल तेव्हा पहिल्या दिवशी तिला नळ कधी येतो ते सांगा, आणि तो सुट्टीवर आला की त्याला पहाटे उठवा. मी उठवायला हवं होतं."