टेस्टोस्टेरॉन 310 वरून 480: श्रेय डब्याचं की घड्याळाचं?

तुमची पोस्ट वाचून माझं जुनं दुखणं वर आलं. तुमचं पहिलं रक्त ऑफिस सुटल्यावर संध्याकाळी सातला, टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) 310. मग ट्रेनरने गळ्यात मारलेला अश्वगंधा-गोखरू-झिंकचा डबा तीन महिने. दुसरं रक्त सकाळी आठला, उपाशीपोटी, 480. आता विचारताय, डबा चालू ठेवू का.

अहो, हे दोन आकडे ताडून बघताच येत नाहीत. तिशीत संध्याकाळची पातळी सकाळपेक्षा 20-25 टक्के खाली असते, त्यात पोटात काही गेलेलं असेल तर आणखी घसरते. म्हणजे तेच 310 सकाळी 400च्या आसपास निघालं असतं. मलाही एका लॅबच्या काउंटरवर ‘कधीही या, फास्टिंग नको’ असंच सांगितलं होतं. त्या एका वाक्यापायी आठ महिने पावडरींत गेले.

पोस्टच्या शेवटी ‘केसांसाठी बायोटिनही घेतो’ असं सहज लिहिलंय, खरी मेख तिथे आहे. बऱ्याच किटमध्ये जास्त डोसच्या बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं आणि टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीतलं हार्मोन) खोटं कमी दिसतं. 10 मिलिग्रॅमची गोळी असेल तर किमान तीन दिवस आधी बंद करा, लॅबलाही सांगा.

आता नीट करा: सकाळी 7 ते 10, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दोन दिवशी, एकाच लॅबमध्ये. आदल्या रात्री झोप पूर्ण हवी. रविवारी सिंहगड चढून सोमवारी हात पुढे करू नका. सोबत एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तात टेस्टोस्टेरॉनला धरून ठेवणारी प्रथिनं), एलएच (वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं मेंदूकडचं हार्मोन) आणि प्रोलॅक्टिन हे हार्मोन. पोट सुटलेलं असेल तर एसएचबीजी कमी असतं आणि नुसता एकूण टेस्टोस्टेरॉनचा (टोटल) आकडा उगाच घाबरवतो.

डब्याबद्दल माझं मत (डॉक्टर नाही मी): गोखरूने निरोगी माणसाचं टेस्टोस्टेरॉन वाढत नाही. झिंकने वाढतं ते झिंकची कमतरता असेल तरच. रोज 40 मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस घेतलं तर शरीरात तांबं कमी पडतं. अश्वगंधेने छोट्या चाचण्यांत थोडी वाढ दिसलीय, पण यकृताला इजा झाल्याच्याही नोंदी आहेत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद, आणि डॉक्टर.

स्क्वॉटनंतरची टेस्टोस्टेरॉनची उसळी तासाभरात ओसरते, स्नायू तिच्यामुळे वाढत नाहीत. नियमित वजनं उचलूनही सकाळची पातळी फारशी हलत नाही. हलते ती पोटावरची चरबी उतरली की. उलट कमी खाऊन आठवड्यात सहा दिवस जिम केलंत तर खाली येते.

आणि ट्रेनर इंजेक्शनचं बोलला तर सरळ नाही म्हणा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की एलएच दबतं, शुक्राणू बनणं जवळपास थांबतं, पूर्ववत व्हायला महिनोन्‌महिने लागतात. तुमचं लग्न व्हायचंय म्हणता.

कंबर किती ते लिहिलं नाहीत, तेही टाका.